खुलासा : संवर्धन राखीव म्हणजे गाव उठवणं नव्हे

'तिलारी आता अभयारण्य झालं, काजूच्या बागा सरकारजमा होणार, गावं उठणार' असा मेसेज सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग भागात फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

तिलारीचं जंगल २०२० साली जाहीर झालं ते 'संवर्धन राखीव' म्हणून, म्हणजे वन्यजीवांच्या संरक्षणासाठी राखलेलं क्षेत्र म्हणून. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ नुसार असं क्षेत्र फक्त सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी सल्लामसलत करून जाहीर करता येतं. तुमच्या सातबाऱ्यावरची बाग त्यात येत नाही. खाजगी किंवा सामूहिक जमिनीसाठी 'सामुदायिक राखीव' हा वेगळा प्रकार आहे, आणि तिथे मालकांनी स्वतःहून पुढे यावं लागतं.

बंधनं नाहीत असं मात्र नाही. आग लावणं, विष वा स्फोटकं वापरणं, प्राण्यांना त्रास देणं गुन्हा आहे. राखीव वनाचे जुने नियमही कायम राहतात.

आणि ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलतच नाही ती ही : संवर्धन राखीवच्या कारभाराबाबत सल्ला देणाऱ्या व्यवस्थापन समितीत त्या क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. आपल्या गावातून कोण आहे, हे येत्या ग्रामसभेत जरूर विचारा.