पाणी कमी, गिलावा जास्त

ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला. ते फोटो बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडं ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये आहेत. मग गाव सावरल्याचं फोटो-प्रदर्शन भरवायचं, तर पुन्हा त्याच बोटी नि छपरावर बसलेली माणसं कशाला टांगायची? सावरणं दिसतं ते नव्या गिलाव्यात.

पुराचा फोटो जिथून काढला, तिथंच उभं राहून आजचा काढा. जुना प्रिंट हातात धरून दोन न हललेल्या खुणा जुळवायच्या, एक जवळची, एक लांबची. समजा विजेचा खांब आणि देवळाचा कळस. दोन्ही एकदम जुळत नसतील तर तुमची जागा चुकली आहे. तिथं झूम करून काही उपयोग नाही, दोन पावलं सरका. आणि दिवसाची वेळही तीच ठेवा.

प्रदर्शनाच्या हॉलच्या भिंतीवर पुराची रेषा म्हणून निळी दोरी मारतात, तीही अंदाजानं! गवंड्याची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, मागून घ्या. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतंय का बघा. नळीत बुडबुडा राहिला तर रेषा दोन-चार बोटं खोटी पडते. मग एक टोक घराच्या भिंतीवरच्या खुणेला आणि दुसरं हॉलच्या भिंतीला. शेजारच्या घरावरची खूण चालेल, नदीकाठानं लांबची नको. नदीला उतार असतो.

लग्नाचे भिजलेले अल्बम लोक हौसेनं आणून देतात. चिकटून वाळलेले फोटो ओढून सोडवू नका, चेहरेच निघून येतात. माझं मत विचाराल तर तो गठ्ठा तसाच मांडा. चिखलाच्या कडांसकट.

पावसाळ्यात ओल्या भिंतीवर दुहेरी टेप रात्रभरसुद्धा टिकत नाही. फोटो लाकडी पट्टीला दोरीनं टांगा, भिंतीपासून बोटभर सुटं.

फोटोखालचा मजकूर मराठी आणि कन्नड, दोन्ही एकाच आकारात. त्यात 'जिद्द' हा शब्द नको, हिशेब हवा. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं 5 लाख जाहीर केले होते. या घराला हातात किती आले, किती हप्त्यांत, उरलेल्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं की सोनं गहाण पडलं? घरच्यांना विचारूनच लिहा. नको म्हणाले तर ती ओळ कोरी सोडा, फोटो तेवढा राहू दे.