ओल्ड कोर्स म्हणे ‘जसाच्या तसा’!

गोल्फचा विषय निघाला की सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सबद्दल तेच ते ऐकवलं जातं. स्कॉटलंडमधलं हे मैदान म्हणे सहाशे वर्षांत तसूभर बदललेलं नाही. ते कुणी आखलं नाही, वाऱ्याने आणि मेंढ्यांनी घडवलं. होल, म्हणजे चेंडू एका भोकात घालेपर्यंतचे खेळाचे टप्पे, 18, कारण व्हिस्कीच्या बाटलीत घोट 18. आणि ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुलं. एवढ्या ठामपणे सांगतात की ऐकणारा मान डोलावतो. यातल्या शेवटच्या विधानात निम्मं तरी तथ्य आहे. बाकीच्यांत तेवढंही नाही.

व्हिस्कीचं आधी उरकू. समुद्रकाठच्या त्या अरुंद पट्ट्यावर एकेकाळी 12 होल होते. खेळत खेळत टोकापर्यंत 11 व्हायचे आणि बरेचसे तेच होल उलट खेळत परत येताना आणखी 11, म्हणजे एक फेरी 22 होलची. 1764 मध्ये सुरुवातीचे चार होल फारच आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले 18. तिसरीतल्या पोराला जमेल अशी ही वजाबाकी आहे. शिवाय 1860 मध्ये ब्रिटनची मानाची ओपन स्पर्धा पहिल्यांदा झाली ती स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला, आणि तिथे होल होते 12. तिथली बाटली लहान होती असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘तसूभर बदल नाही’. जाणारे आणि येणारे एकाच होलवर खेळत, म्हणजे समोरासमोर येत. माणसं मोजकी होती तोवर ते चाललं. पिसं ठासून भरलेला चामड्याचा चेंडू महाग होता. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या वाळवलेल्या चिकाचा, स्वस्त चेंडू आला आणि खेळणारे वाढले. मग 1857 मध्ये एकाच ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन-दोन भोकं करून जाणाऱ्यांसाठी पांढरे आणि येणाऱ्यांसाठी लाल झेंडे लावले. ग्रीन रुंद करावी लागली, गोर्सची काटेरी झुडपं मागे रेटून फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, तेही रुंद झाले. आजही इथे सात ग्रीन जोडीची आहेत आणि जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज दरवेळी 18 येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं थेट आठव्या-दहाव्यापर्यंत. ही गंमत निसर्गाची नाही, गर्दीवर काढलेल्या तोडग्याची आहे.

त्यानंतर आला ओल्ड टॉम मॉरिस. 1864 पासून मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती. पहिल्या आणि सतराव्या होलचं ग्रीन तोवर एकच होतं. त्याने 1870 च्या सुमारास स्विल्कन ओढ्याला लागून पहिल्यासाठी वेगळं ग्रीन केलं. अठरावं ग्रीनही त्याच्याच हातचं. पहिलं ग्रीन वेगळं झाल्यामुळे एक मोठी उलथापालथ शक्य झाली: मैदान दोन्ही दिशांनी खेळता येऊ लागलं. बराच काळ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि उलट, असं आलटून-पालटून खेळत. 1886 ची अमॅच्युअर स्पर्धा तर काट्याच्या दिशेने झाली. पुढे काट्याच्या उलटी दिशाच कायम झाली.

याचा पुरावा पाहायचा तर बाराव्या होलवर जावं. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, समोर सरळ, निरुपद्रवी फेअरवे दिसतो. ग्रीनपाशी पोहोचून मागे वळून पाहिलं की त्याच फेअरवेच्या मधोमध बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, तोंड वासून बसलेले दिसतात. लोक याला निसर्गाचा खट्याळपणा म्हणतात. पण पूर्वी काट्याच्या दिशेने खेळत येणाऱ्याला ते बंकर आधीपासून दिसत होते. बंकर आहेत तिथेच राहिले, खेळाडू फिरले.

आता मेंढ्या. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्यांनी खळगे केले आणि त्यांचे बंकर झाले, ही कथा मला अगदीच खोटी वाटत नाही. काहींची सुरुवात तशी झालीही असेल. पण आज तिथे 112 बंकर आहेत. त्यांच्या उभ्या भिंती म्हणजे गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या, एकीवर एक, प्रत्येक थर किंचित मागे सरकवून रचलेल्या. या भिंती झिजतात, ढासळतात आणि काही वर्षांनी नव्याने रचाव्या लागतात. मेंढीला हे जमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांब जाणारा रबरी चेंडू आला, तेव्हा उजव्या बाजूला नवे बंकर मुद्दाम खोदले गेले.

हा हात अजून थांबलेला नाही. 2010 च्या ओपनसाठी सतराव्या होलची टी सुमारे 35 यार्ड मागे नेली, तीही मैदानाच्या हद्दीपलीकडे. 2012 मध्ये सतराव्या होलचा प्रसिद्ध ‘रोड बंकर’ रुंद करण्याचं आणि अकराव्या ग्रीनचा उतार कमी करण्याचं काम निघालं, तेव्हा जगभरातून ओरड झाली. कामाला हरकत घ्या, खुशाल घ्या, माझीही काही बाबतींत आहे. पण ‘पहिल्यांदाच हात लावला’ असं म्हणू नका.

राहिला ‘सर्वांना खुलं’ हा मुद्दा. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेने गावकऱ्यांचा इथे खेळण्याचा हक्क मान्य केला, हे खरं. पण 1797 मध्ये गाव कर्जात बुडालं, जमीन हातची गेली आणि मैदान सशांच्या व्यापाऱ्यांकडे आलं. बिळांनी सगळं पोखरलं, खेळाडू आणि ससेवाले कोर्टात भांडत बसले. 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ते विकत घेतलं म्हणून खेळ वाचला. गावाकडे मालकी परत आली ती 1894 मध्ये, कायदा करून. पाहुण्यांना फी लागली 1913 मध्ये, गावकऱ्यांना मात्र 1946 पर्यंत फुकट. 1974 पासून कारभार ट्रस्टकडे आहे. रविवारी सहसा खेळ बंद असतो, तेव्हा लोक फेअरवेवर कुत्री फिरवतात. आणि शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या मालकीचं ते नाही, हेही एकदा लिहून टाकतो, कारण ती समजूतही तितकीच चिवट आहे.

2023 च्या फेब्रुवारीत स्विल्कन ओढ्यावरच्या जुन्या दगडी पुलाच्या पायथ्याशी दगडी फरशी बसवली गेली. कारण साधं होतं: फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी तिथलं गवत टिकतच नव्हतं. ‘प्राचीन वारसा विद्रूप केला’ म्हणून असा काही गहजब झाला की थोड्याच दिवसांत फरशी उखडली आणि तिथे पुन्हा गवत लावलं. फोटोसाठीची रांग तशीच आहे.