‘व्हिडिओ बघून व्यायाम होत नाही’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ‘मोबाईलवर व्हिडिओ लावून घरात उड्या मारणं बंद करा. समोर ट्रेनर नसेल तर गुडघे आणि कंबर जाणारच. मशिनशिवाय ताकद येत नाही. तासाभरापेक्षा कमी व्यायाम म्हणजे शून्य, कारण पहिली वीस मिनिटं चरबी जळतच नाही. आणि पैसे भरल्याशिवाय कुणी टिकत नाही.’ खाली आठ-दहा अंगठे होते. त्यांच्याखाली माझ्या धाकट्या चुलत जावेनं लिहिलं होतं, ‘बरं झालं कळलं. मी आजपासून बंद करते.’

तिच्या त्या एका ओळीमुळे हे लिहायला बसले. तिच्या गावात व्यायामशाळा एकच. बायकांसाठी वेळ दुपारी दोन ते चार आणि त्या वेळेला ती दुकानात असते. म्हणजे तिच्यापुढे व्हिडिओ की जिम असा प्रश्नच नाही. व्हिडिओ नसेल तर काहीच नाही.

मी डोंबिवलीत राहते. दीड वर्षापासून आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला सोफा भिंतीला सरकवते आणि टीव्हीवर व्हिडिओ लावून वीस ते पंचवीस मिनिटं व्यायाम करते. माझ्याकडे डिग्री नाही, पण या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासून बघायला तिची गरजही नाही.

सगळ्यात चुकीचं वाक्य वीस मिनिटांचं आहे, म्हणून आधी ते घेते. शरीर चरबी आणि साखर ही दोन्ही इंधनं सतत वापरत असतं, आत्ता हे वाचत बसलेले असतानासुद्धा. व्यायामाचा जोर आणि वेळ बदलला की त्यांचं प्रमाण बदलतं. विसाव्या मिनिटाला कुठलंही दार उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा सल्ला आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायामाचा, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पूर्वी त्यात एक अट होती, व्यायाम सलग निदान दहा मिनिटं झाला तरच धरायचा. २०२०च्या सूचनांमधून ती अटच काढून टाकली. थोडी हालचालसुद्धा काहीच न करण्यापेक्षा बरी, असं त्या स्पष्ट म्हणतात. ‘मध्यम’ ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. रोज तास काढता येणाऱ्यांनी जरूर काढावा. पण लोकल पकडायच्या आधी वीस मिनिटं मिळवणाऱ्या बाईला ‘तुझं शून्य’ असं सांगू नये. ते खोटं आहे.

आता गुडघे आणि कंबर. इथे मला सावकाश बोलायचंय, कारण माझाही गुडघा दुखला होता.

दुसऱ्याच आठवड्यात मी चाळीस मिनिटांचा उड्यांचा व्हिडिओ लावला. अनवाणी, फरशीवर. उडी मारून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पंधरा वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या मांड्यांना तो झेपला नाही. वाटीच्या खाली तीन आठवडे ठणकत होतं. मेसेजवाले म्हणतील, बघा, सांगितलं होतं! पण चूक कुठे झाली ते नीट बघितलं पाहिजे. रोज व्यायाम करणाऱ्यांसाठी बनवलेला व्हिडिओ मी पहिल्या पंधरवड्यात निवडला होता. त्या अवस्थेत मैदानावर जाऊन तेवढ्याच उड्या मारल्या असत्या तरी हेच झालं असतं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. नवा व्हिडिओ आधी बसून पूर्ण बघते. एक पाय कायम जमिनीवर राहील असेच प्रकार निवडते. प्रत्येक हालचालीचा सोपा प्रकार शेजारी उभं राहून दुसरं कुणी करून दाखवत असेल, तर तो व्हिडिओ आधी घेते. वेग पाऊणपट करते. पायात बूट घालते. आणि एक गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती: हातापायांवर आडवं होऊन करायच्या प्रकारात पडद्याकडे बघायला मान वर केली की मान आणि कंबर दोन्ही आखडतात. म्हणून ते प्रकार पाठ करायचे आणि करताना फक्त आवाज ऐकायचा. महिन्यातून एकदा मोबाईल बाजूला उभा करून स्वतःचं चित्रीकरण करते. बैठक मारताना माझे गुडघे आत वळतात हे मला तसंच कळलं.

समोर शिक्षक नसताना साध्या हालचाली शिकताच येत नाहीत, हे तर इतिहासालाही धरून नाही. जपानमध्ये १९२८पासून रेडिओवर व्यायाम चालतो. पियानोच्या तालावर तीनेक मिनिटांत तेरा हालचाली. युद्धानंतर काही वर्षं तो बंद होता, १९५१मध्ये पुन्हा सुरू झाला आणि अजून चालू आहे. तिथे तर पडदाही नव्हता, नुसता आवाज!

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चांगला शिक्षक पाठीला हात लावून जे दुरुस्त करतो, ते पडदा करू शकत नाही. जड वजनं उचलायची असतील तर ती माणसाकडूनच शिकावीत. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. रक्तदाबवाल्यांनी श्वास रोखून शरीर ताठ धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नयेत. छातीत दुखलं, चक्कर आली तर व्हिडिओ संपायची वाट बघू नये, तिथेच थांबावं. पण मग मेसेजही असाच असायला हवा होता, कुणी जपावं हे सांगणारा. त्यानं सरसकट सगळ्यांनाच घाबरवलं आहे.

‘मशिनशिवाय ताकद येत नाही’ हे तर महाराष्ट्रात कुणी लिहावं याचं मला वाईट वाटतं. आपल्या तालमी जोर आणि बैठकांवर उभ्या राहिल्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांपर्यंत नेले, त्याला काय यंत्र लागलं? स्नायूला लोखंड आणि स्वतःचं वजन यांतला फरक कळत नाही, त्याला किती कष्ट पडले एवढंच कळतं. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, गुडघे टेकवून केलं तर जवळपास निम्मा. म्हणजे साठ किलोची बाई गुडघे टेकवूनसुद्धा तीसेक किलो ढकलते. मी भिंतीवर हात टेकवून सुरुवात केली, मग ओट्यावर, मग जमिनीवर गुडघे टेकवून. पूर्ण पुश-अप सात महिन्यांनी जमला, आणि एक जमला त्या दिवशी मी सासूबाईंना उठवून दाखवला.

घरी खरोखर अडतं ते ओढण्याच्या व्यायामाचं. ढकलणं आणि उठबस व्हिडिओत भरपूर असते, पाठीच्या वरच्या भागाला मात्र काम मिळत नाही. त्यासाठी मी रबराचा पट्टा घेतला. त्याआधी पाण्याचा पाच लिटरचा कॅन वापरायचे. त्याचं वजन भरून पाच किलो, हवं तेवढं पाणी कमीजास्त करता येतं.

टिकण्याबद्दल फार लिहीत नाही. पैसे भरूनही न गेलेले लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात. माझ्यापुरतं सांगते. रोज नवा व्हिडिओ शोधत होते तेव्हा शोधण्यातच पंधरा मिनिटं जायची आणि तिसऱ्या दिवशी सुटायचं. आता तीन आठवडे एकच व्हिडिओ ठेवते, रात्रीच डाउनलोड करून. सासूबाई खुर्चीवर बसून हातापायांचे प्रकार करतात. मी उठले नाही तर त्या उठवतात.

जावेला हे सगळं फोनवर सांगितलं. उभ्यानं करायचा, उड्या नसलेला पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ पाठवला. तिनं एवढंच विचारलं, ‘वहिनी, साडीवर जमेल का?’ मी म्हटलं, सलवार-कमीज घाल, ओढणी काढून ठेव आणि बूट घाल. परवा तिचा फोटो आला. दुकानामागची खोली, तांदळाच्या पोत्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, आणि त्याच्यासमोर तिच्या मुलाचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. तिच्या मापाचे आहेत म्हणे.