पोरीला मैदानातून घरी कसं आणावं

आप्पा, तुमची आंडेर, म्हणजे पोरगी, तालुक्याच्या शालेय स्पर्धेत 800 मीटरला पहिली आल्याचं कानावर आलं. अभिनंदन करत नाही, कारण तुमची अडचण मला कळते. आता ती जिल्ह्याला जाईल, मग विभागाला. मग एखादा क्रीडाशिक्षक घरी येऊन "पोरीत दम आहे" म्हणत चहा पिऊन जाईल. वेळीच हालचाल करा. पथ्य एकच, तिला 'नाही' म्हणू नका. नाही म्हणणारा बाप आता मागासलेला दिसतो. हुशार बाप हो म्हणतो आणि तिची वेळ काढून घेतो.

धावणाऱ्याला दिवसात दोनच वेळा मिळतात, पहाट आणि संध्याकाळ. मधे मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा कावळासुद्धा उडत नाही. म्हणजे तुम्हाला दोनच फटी बुजवायच्या आहेत. पहाटेची फट नळाला द्या. पाणी किती दिवसांनी सुटेल याचा भरवसा नाही, आणि सुटलं की हंडे भरायला घरात पोरीशिवाय माणूस नाही. भाऊ झोपलेला असतो. तो व्यायामशाळेत जातो, त्याला विश्रांती लागते. संध्याकाळच्या फटीसाठी तुमच्या आईला पुढे करा. "आते आंडेर मोठी व्हई गयी, लोके काय म्हनतीन?" एवढं तिनं ओट्यावर बसून म्हटलं की पुरे. आजीचं कुणी खोडत नाही. मैदान तर उघडंच आहे, तुम्ही कुठं अडवलंय?

तरीही पोरगी पळायला गेलीच तर तब्येतीचा मुद्दा काढा. हा मुद्दा गावठी नाही, थेट ऑलिंपिकच्या दर्जाचा आहे. 1928 साली ॲमस्टरडॅमला बायका ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेनं 2 मिनिटं 16.8 सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीतल्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. वर्तमानपत्रांनी मात्र छापलं की बायका धडाधड कोसळल्या, नाजूक जिवांना हे झेपत नाही. झालं. ती शर्यत पुढं 1960 च्या रोम ऑलिंपिकपर्यंत बंद राहिली. शर्यतीनंतर पुरुष गवतावर आडवा पडला तर त्याला जिगर म्हणतात, बाई पडली तर पुरावा म्हणतात. आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणालं तर सांगा, 2005 साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष म्हणत होते की बर्फावरच्या उड्या वैद्यकीयदृष्ट्या बायकांना योग्य दिसत नाहीत. तेव्हा "गर्भाची पिशवी सरकंल" म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना अडाणी समजू नका, त्या मोठ्या घराण्यातल्या आहेत.

कपाशी वेचणीच्या दिवसांत मात्र ही काळजी बोलून दाखवू नका. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईची पिशवी सरकत नाही. धडगावकडे डोंगर चढून पाणी आणणाऱ्या पोरीचीही सरकत नाही. ती फक्त पायात स्पाइकचे बूट घातल्यावर सरकते.

कपड्यांचं हत्यार राखून ठेवा. त्याची गंमत अशी, की कपडा कुठल्याही मापाचा असला तरी चुकीचाच निघतो. 2021 साली नॉर्वेच्या मुलींनी बीच हँडबॉलच्या सामन्यात बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली, तर युरोपच्या महासंघानं त्यांना 1500 युरो दंड केला. चड्डी मोठी झाली म्हणून! आपल्या तालुक्याला तीच चड्डी लहान होते. तुम्ही म्हणाल, मग पोरीला बुद्धिबळाला घालू, तिथं पळणं नाही, चड्डी नाही. व्यर्थ आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्सची स्पर्धा आटोपल्यावर लिहिलं होतं, की लोकांना तिचे डाव सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब दिसते. पुढच्याच वर्षी तिनं महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. केसांबद्दल त्या लोकांचा अंतिम निर्णय काय झाला, ते कळलं नाही.

दहावीचं वर्ष ही तर देणगीच. पोरीला म्हणा, "दहावीचं वर्ष आहे, आता खेळ बंद." धाकट्याची दहावी आली की त्याला म्हणा, "दहावीचं वर्ष आहे, खेळ, सवलतीचे गुण मिळतील." खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे हेही त्यालाच सांगा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी 2014 ते 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढं पोलीस उपअधीक्षक झाला, हे उदाहरण पोराच्या उशाशी असू द्या. पोरीनं तेच उदाहरण उचललं तर म्हणा, तुमची केसरी कुठंय? पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 ची, बायकांची पहिली स्पर्धा सांगलीत भरली 2023 ला. मधली साठेक वर्षं बायकांना कुस्ती येत नव्हती असं समजायचं. गावच्या जत्रेत हवं तर मुलींची एक कुस्ती लावा, पत्रिकेत 'खास आकर्षण' छापा. नर्तकी, पाळणा आणि मुलींची कुस्ती एका ओळीत बसतात. बक्षीस नारळाच्या वर जाऊ देऊ नका.

"पोरींच्या खेळात पैसा नाही" हे वाक्य पाठ करा, पण 'का नाही' या प्रश्नाला थांबू नका. क्रिकेट मंडळानं ऑक्टोबर 2022 मध्ये सामन्याचं मानधन दोघांना सारखं केलं, एकदिवसीयला 6 लाख. सगळीकडे समानतेचे मथळे आले. वार्षिक करार त्या मथळ्यांखाली झाकले गेले. 2024-25 साली पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 7 कोटी होते आणि बायकांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 50 लाख. मग 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत पोरींनी विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्याकडेही फटाके वाजले, ते वाजवा, फटाक्याला पोरगी लागत नाही. एकदिवसीय विश्वचषक बायकांनी 1973 ला सुरू केला आणि पुरुष 1975 ला आले, हे मात्र घरात बोलू नका. आणि कबड्डी पाहताना पोरीनं विचारलं, की पुरुषांचा डाव 20 मिनिटांचा नि बायकांचा 15 चा का, तर सांगून टाका, स्वयंपाकाला उशीर होतो.

आता सगळ्यात भक्कम कारण. ऑलिंपिक पदक मिळवलेली साक्षी मलिक आणि तिच्या सोबतिणी 2023 साली कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन जंतरमंतरवर बसल्या. गुन्हा नोंदवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 28 मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत गाडीत घातलं. डिसेंबरात साक्षीनं बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली. कुणी भोळा म्हणेल, मग तक्रार ऐकणारी समिती शाळेत नेमा, पोरींसोबत शिक्षिका पाठवा, तालुक्याच्या मैदानावर दार लागणारं एक स्वच्छतागृह बांधा. त्यात पडू नका, खर्च आहे. तुम्ही टीव्हीकडे बोट दाखवून एवढंच म्हणा, "पाहिलं? म्हणून म्हणतो, घरी राहा." वाईट वागणारा बाहेर, पोरगी आत. हिशेब चोख.

इतकं करून ती राज्याला पदक घेऊन आलीच, तर पहिला फ्लेक्स तुमचा असला पाहिजे. वर नेत्याचा फोटो, बाजूला तुमचा, भावाचा, चुलत्यांचा, खाली कोपऱ्यात तिचा, आणि मजकूर 'खान्देशकन्या'. सत्कारात दोन शब्द बोला, "आम्ही मुलगा-मुलगी भेद कधी केला नाही." शाल-नारळ तुम्ही घ्या. बुके तिला द्या, तो नाहीतरी टिकत नाही. त्याच मांडवात एखादं स्थळ आलेलं असतं, मुलगा पुण्याला कंपनीत, पोरीची उंची त्यांना आवडलेली. खेळाचं विचारलं तर ते म्हणतात, "आमची काही हरकत नाही, घरचं बघून करू दे." तुमचीच माणसं आहेत, लगेच ओळखाल.

पुढं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येईल. निंबाला झोका बांधून द्या, तेवढी हौस असू द्या; पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसलीच असतील. आणि सासरी 8 मार्चला महिला मंडळाच्या लिंबू-चमचा शर्यतीत ती पहिली येईल तेव्हा बक्षिसाचा कुकर कोण आणेल, एवढं मात्र व्याह्यांना आधी विचारून ठेवा. मागच्या वेळी पाच लिटरचा दिला होता.