ताजचा नकाशा कोणाचा, ते तरी नीट सांगा

भरीत पार्टीच्या फोटोंमधून वाट काढत तो मेसेज आमच्या जळगावकर नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. मजकूर असा: मुंबईच्या वॉटसन हॉटेलवर ‘कुत्रे आणि हिंदी लोकांना प्रवेश नाही’ अशी पाटी होती. तिथून जमशेदजी टाटांना हाकललं, म्हणून सूडापोटी त्यांनी ताज हॉटेल बांधलं. इंग्रज आर्किटेक्ट सुट्टीवरून परतला, हॉटेल उलटं बांधलेलं पाहिलं आणि गच्चीवरून उडी मारली. आज वॉटसनचं नामोनिशाण नाही. अभिमान असेल तर फॉरवर्ड करा.

आधी हाकलल्याचं. वॉटसन गोऱ्यांचंच हॉटेल होतं, त्याची तरफदारी मला करायची नाही. पण जमशेदजींना दारातून परत पाठवल्याचा त्या काळातला कागद कोणीच दाखवत नाही. मेसेजच्या एका अवतारात तर हा अपमान 7 जुलै 1896 ला, ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांच्या खेळाला घडतो. तो खेळ वॉटसनमध्ये झाला हे खरं, जमशेदजींचं शेपूट मागाहून जोडलेलं.

आता सूड. भो, हा माणूस कापसातला! 1877 साली त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस तिकडे पिकत होता आणि आपल्या भुसावळवरून जाणारी रेल्वे दहा वर्षांपूर्वीच नागपूरला पोचली होती. असं गणित मांडणारा माणूस एका दरवानावर रुसून एवढी इमारत उभी करेल, हे मला पटत नाही. 1896 च्या प्लेगने मुंबईची रया गेली होती. शहराला शोभेल असं हॉटेल हवं, हे कारण त्यांच्या स्वभावाशी जास्त जुळतं.

मला खरा राग येतो तो आर्किटेक्टच्या गोष्टीचा. ताजचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य 1900 साली मलेरियाने गेले, त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने काम पुरं केलं. म्हणजे वैद्यांनी पुरी झालेली इमारत पाहिलीच नाही, आणि चेंबर्सच्या हाती काम आलं तेव्हा तिची दिशा ठरलेली होती. मग दचकून उडी मारली कोणी? मेसेज गोऱ्यांवर सूड उगवतो, नकाशा मात्र गोऱ्याच्या नावावर करून देतो, आणि ‘वैद्य’ आडनावाच्या माणसाला गाळतो. अभिमानाने फॉरवर्ड करायचं ते हे?

‘उलटं’ म्हणजे काय, तेही बघा. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनेच होता, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिकडून. घोडागाड्या तिथेच येत. मेसेजसोबतच्या फोटोत गेटवे ऑफ इंडिया आहे, म्हणून आपल्याला समुद्राकडची बाजू हीच दर्शनी वाटते. ताज सुरू झालं 16 डिसेंबर 1903 ला. गेटवेचं उद्घाटन 1924 चं.

राहिलं नामोनिशाण. विलायतेत ओतलेल्या लोखंडी सांगाड्याची वॉटसनची इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने काळाघोड्याला अजून उभी आहे. 2005 मध्ये तिचा सज्जा कोसळून एक माणूस दगावला, 2019 मध्ये रहिवाशांना बाहेर काढलं. उद्या ती खरंच पडली, तर ताजमुळे नाही, दुरुस्तीवाचून पडेल.