तुरीच्या डाळीएवढा टवका

सर्वप्रथम अभिनंदन. बंपरचा टवका उडाला म्हणजे तुमची गाडी आता खऱ्या अर्थाने मुंबईची झाली. आरटीओने दिलेला एमएच ०३ हा नुसता नंबर. खरं पासिंग हे, आणि ते करून द्यायला रिक्षावाले, टेम्पोवाले, पाण्याचे टँकरवाले शहरभर विनामोबदला हजर असतात. माझ्या गाडीचं पासिंग भांडुपला एलबीएस रोडवर झालं. पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडी उडाली, टक् असा आवाज आला, आणि बंपरच्या उजव्या कोपऱ्यात चंदेरी रंगातून काळा ठिपका डोकावायला लागला. तुरीच्या डाळीएवढा. हे अंदाजाने सांगत नाही. स्वयंपाकघरातून डाळ आणून मी शेजारी धरून पाहिली होती.

हा टवका स्वस्तात कसा बुजवायचा, ते तुम्हाला स्वानुभवाने सांगतो. ‘स्वस्तात’ हा शब्द तेवढा धरून ठेवा, पुढे त्याचा विसर पडतो.

आधी एक पथ्य. ज्यांना गाडीतलं कळतं त्यांच्यापासून लांब राहा. ते म्हणतील, हल्लीचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचे. प्लास्टिकला गंज चढत नाही. टवका बॉनेटवर पडून पत्रा उघडा पडला असता तर लगेच बुजवावा लागला असता, बंपरवरचा वर्षभर तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. हा सल्ला फुकट मिळतो, तेव्हा त्याची किंमत तेवढीच धरावी. ‘काही बिघडत नाही’ म्हणून स्वस्थ बसणारी माणसं रविवारी दुपारी झोपतात. आपल्याला हातात काहीतरी घेऊन पार्किंगमध्ये उकिडवं बसायचं आहे.

त्यासाठी अंगात संताप हवा. तो सर्व्हिस सेंटरला मिळतो. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने माझ्या बंपरला अर्धी प्रदक्षिणा घातली आणि टॅबलेटवर बोट फिरवत सांगितलं, ‘‘सर, पूर्ण बंपर रिपेंट. साडेचार हजार, प्लस जीएसटी.’’ डाळीएवढ्या ठिपक्याला अख्खा बंपर कशाला? ‘‘सर, मेटॅलिक आहे. नुसता पॅच मारला तर दिसतो.’’ तो खरं बोलत होता. पण त्या क्षणी मला तो चंबळचा वाटला, आणि तुम्हालाही तसाच वाटू द्या. १८ टक्के धरून ५३१० रुपये होतात, हा आकडा मनात कोरून ठेवा. यापुढे जे जे खर्च कराल ते या आकड्यातून वजा करून ‘वाचले’ म्हणायचं आहे.

मध्येच विम्याची आठवण येईल. येऊ द्या आणि जाऊ द्या. साधी पॉलिसी असेल तर प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १००० रुपये पदरचे जातात, आणि पाच वर्षं नाकासमोर गाडी चालवून साठवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस शून्यावर येतो. एका डाळीच्या दाण्यासाठी एवढा स्वयंपाक मांडणं मलाही पटलं नाही.

त्यानंतर घरगुती उपाय. आमच्या मजल्यावरच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली. काकांकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती. तिचे बंपर पोलादी, वर क्रोमचा मुलामा, खडी आपटली तर खडीच्याच चिंध्या. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली त्या दिवशी काका जेवले नव्हते. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी ओल्या फडक्यावर पेस्ट घेऊन दहा मिनिटं घासलं. पेस्टमध्ये बारीक घर्षक असतं, त्याने रंगावरच्या पारदर्शक लॅकरवरचे केसाएवढे ओरखडे पुसट होतात. टवक्यात मात्र रंगच जागेवर नसतो, तिथे पुसट काय होणार? ठिपका होता तसाच राहिला. फक्त त्याच्या आजूबाजूची हातभर जागा इतकी चकचकीत झाली की ठिपका लांबून दिसायला लागला. शिवाय पुदिन्याचा वास.

मग नेलपॉलिश. हा उपाय बायकोच्या नकळत करायचा असतो, आणि बाटली परत ठेवताना झाकण उलट्या पेचाने बसवून पकडलं जायचं असतं. चंदेरी नेलपॉलिशमध्ये चमकी असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवस माझा बंपर हळदीला निघाल्यासारखा दिसत होता. ते काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं, आणि त्याच्याबरोबर टवक्याच्या कडेचं लॅकरही थोडं उठून आलं. डाळ आता वालाएवढी झाली.

इथवर आलात की तुमची तयारी झाली असं समजा. आता कुर्ला.

रंग जुळवायचा म्हणजे आधी कलर कोड शोधायचा. तो गाडीवरच एका स्टिकरवर असतो, बहुधा दरवाजाच्या चौकटीत नाहीतर बॉनेटखाली. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तो स्टिकर धुऊन धुऊन कोरा केला होता. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे स्पेअर पार्ट विकत मिळत नाही असं मानायला कुणी तयार नाही, तिथल्या रंगवाल्याने फोनवर सांगितलं, ‘‘गाडी कशाला आणता? पेट्रोलचं झाकण आणा.’’ खरंच तशी रीत आहे. नमुन्याला बाहेरचं झाकण उतरवून नेतात. मी दोन स्क्रू काढले, झाकण रुमालात गुंडाळलं, रुमाल कापडी पिशवीत घातला आणि भांडुपहून सकाळची स्लो लोकल पकडली. गर्दीत पिशवी छातीशी धरली होती. विक्रोळीला एका सद्गृहस्थाने ‘‘मूर्ती आहे का?’’ विचारून मला भिंतीकडे जागा करून दिली. मी ‘हो’ म्हणालो.

रंगवाल्याने झाकण उजेडात तिरपं धरलं, शेडकार्डांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, एक पान ओढलं, आणि डिजिटल काट्यावर डबा ठेवून थेंब थेंब ओतायला लागला. थोडा पांढरा, बराच ॲल्युमिनियमचा चुरा, निळ्याचा एक थेंब, काळ्याचा अर्धा. तो अर्धा थेंब त्याने काडीच्या टोकावर धरला तेव्हा मीसुद्धा श्वास रोखला होता. अशी कला समोर चालू असताना माणसाने भाव करू नये. टवक्याला लागतो एक थेंब, मिळतो पाव लिटर, त्याखाली तो डबा उघडत नाही. थोडा स्प्रे कॅनमध्ये भरून, उरलेला बाटलीत. ११०० रुपये. ५३१०तून वजा करा, बघा किती वाचले.

झाकणाला रंग तंतोतंत जुळला. तुम्हीही अशीच खात्री करून घ्या, म्हणजे घरी गेल्यावर कळेल की प्लास्टिकचे बंपर बऱ्याचदा पत्र्यापासून वेगळे रंगवतात, आणि कारखान्यातून येतानाच दोघांच्या छटेत पुसटसा फरक असतो. माझ्याकडे आता पेट्रोलच्या झाकणाचा टवका बुजवायला निर्दोष रंग आहे. झाकणाला टवका नाही.

रंगवाल्याने आणखी एक डबी पुढे सरकवली होती. प्लास्टिकचा प्रायमर. ‘‘हा आधी मारा. उघड्या प्लास्टिकवर रंग नुसता बसतो, धरत नाही.’’ किती? ‘‘साडेतीनशे.’’ पारदर्शक पाण्यासारखी वस्तू, वर रंग चढला की दिसणारही नाही. जे दिसणार नाही त्याला साडेतीनशे? मी डबी परत सरकवली. हीच ती काटकसर, जिच्यासाठी तुम्ही हा लेख वाचायला घेतला आहे.

आता घासणं. कडा घासून सपाट कराव्या लागतात, नाहीतर रंगाखाली पायरी दिसते. जाणकार ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवतात, मग १०००. माझ्याकडे दाराला रंग दिला तेव्हाचा १२० नंबरचा अर्धा पेपर शिल्लक होता. मी बोटांनी दाबून दाबून घासला. बोटांचे उंचवटे बंपरवर उमटतात, ते काढायला आणखी घासावं लागतं, आणि हा उद्योग फार रंगतो. काळं प्लास्टिक वालाचं पोस्टाचं तिकीट झालं, तिकिटाचा पासपोर्ट फोटो. मग नाइलाजाने बारीक पेपर आणले, १६० रुपये. खड्डे भरायला लांबी, म्हणजे पुट्टी, १८० रुपये. बंपर दबतो, वाकतो, म्हणून त्याला लवचीक लांबी लागते. माझी कुठल्याही पत्र्यावर चालणारी होती.

रंग कधी मारावा? ऑगस्टात. रविवारी. पाऊस नुकता थांबला असताना. मुंबईची हवा तेव्हा पिळून घ्यावी इतकी ओली असते. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं, आणि लॅकर दुधाळ होतं. आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मी मास्किंग टेपने जुनी वर्तमानपत्रं लावली (६० रुपये, रद्दी घरची), कॅन वीतभर लांब धरायचा तर चार बोटांवर धरला, आणि एकाच जागी प्रेमाने फवारत राहिलो. ओघळ आले. पुसले. परत मारला. रंगाच्या दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं, पण वॉचमन बघत होता. बघणाऱ्यासमोर नुसतं थांबून राहणं अवघड असतं. शेवटी लॅकरचा कॅन, ४५० रुपये.

मेटॅलिक रंगाची गंमत अशी की त्यातल्या ॲल्युमिनियमच्या कपच्या ज्या कोनात निजतील तसा तो दिसतो. कारखान्याच्या गनने त्या पसरून आडव्या निजतात, ओल्याकच्च रंगात त्या मिळेल तशा बसतात, चर्चगेट लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारख्या. समोरून पाहिलं तर माझा पासपोर्ट फोटो चंदेरी, डावीकडून राखाडी, वाकून पाहिलं तर ढगाळ. इस्त्रीवाला मुलगा आठवला. मी त्याला मनातल्या मनात चंबळहून परत बोलावलं.

आणि एक किरकोळ बाब. फवाऱ्यातला जो रंग बंपरवर बसत नाही तो हवेत विरून जातो असा माझा समज होता. तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या काळ्या गाडीवर बसला. सोमवारी सकाळी त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि हाताला बारीक रवा लागला. तोपर्यंत गाडी आकाशगंगेसारखी सुंदर दिसत होती, हे मी त्यांना सांगायला गेलो, पण वेळ चुकली. कंपाउंड मारून, पॉलिश करून द्यायचे १८०० रुपये.

हिशेब बायकोने डायरीत मांडला. ३७५०. सगळे रविवार फुकट धरून. मी शांतपणे म्हणालो की ५३१०तून वजा केले तर १५६० रुपये वाचले आहेत. तिने डायरी मिटली आणि नेलपॉलिशची बाटली कपाटात कुलपात ठेवली.

नवा रंग पक्का व्हायला दिवस लागतात, म्हणून गाड्या पुसणाऱ्या मुलाला मी सांगितलं की महिनाभर पुढच्या बंपरला फडकं लावू नकोस. एका बादलीत बारा गाड्या पुसणाऱ्या त्या मुलाने ही आज्ञा संपूर्ण गाडीपुरती पाळली.

तुम्हीही असंच सगळं केलंत तर साधारण नवरात्रापर्यंत निकाल टिकेल. माझा दसऱ्यापर्यंत टिकला. सकाळी आईने गाडीची पूजा केली, टायरखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि झेंडूची माळ बांधायला गेली. आमच्या गाडीच्या जाळीत दोरा ओवायला जागा नाही. तिने वाण्याकडचा रुंद सेलोटेप घेतला आणि माळेची दोन्ही टोकं बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर अंगठ्याने घट्ट दाबून चिकटवली. दिवसभर माळ छान दिसली. उजवीकडचा राखाडी ढग फुलांखाली झाकला गेला होता. सोनं वाटून आल्यावर संध्याकाळी मी माळ काढायला घेतली. डावा टेप सुटला. उजवा टेप सुटला, आणि त्याला चिकटून लांबी, रंग, लॅकर असा पासपोर्ट फोटोएवढा अखंड पापुद्रा अलगद हातात आला. खाली काळं प्लास्टिक, जसं ऑगस्टात होतं तसं.

आईने तो पापुद्रा माझ्या हातातून घेतला, ट्यूबलाइटकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

‘‘अरे, स्टिकर होतं का ते? आधी सांगायचंस ना, मी टेप पलीकडे लावला असता.’’