राखेला बायोचार म्हणू नका

काल रात्री अकराला ऐरोलीहून मामांचा फोन. सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षासाठी ‘बायोचार’, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा, करायचा म्हणून त्यांनी पत्र्याचं पिंप मिळवलंय, रविवारी पाला पेटवणार. मागे तोच मेसेज, जो मलाही तीन ग्रुपांवर आलाय: पाला जाळा, उरलेली राख म्हणजेच बायोचार, बुंध्याभोवती जाड थर द्या, मग खत लागत नाही. वर ‘कोकणातला राब म्हणजे हेच’ ही फोडणी.

मामा, राख पांढरी असते, बायोचार काळा. पाला उघड्यावर जळला की कर्ब हवेत जातो आणि क्षार उरतात. बायोचार करताना हवा तोडून लाकूड तापवतात, साधारण ३५० ते ७०० अंशांना, म्हणजे कर्ब मागे राहतो. राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजतात भाताच्या रोपासाठी: तणाचं बी मरतं, राखेतलं पोटॅश रोपांना मिळतं. रीत चांगलीच, पण उरते ती बहुतेक राखच.

खरा धोका त्या जाड थराचा. ऐरोलीत आपल्या आवारातली माती कसली? भराव, मुरूम आणि बांधकामाचं राबिट. सिमेंटमुळे ती आधीच अल्कधर्मी, त्यावर राख म्हणजे आणखी क्षार. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मग तेच लोक ‘कीड लागली’ म्हणून फवारणीवाल्याला बोलावणार!

बायोचारने पिकं वाढतात हे मात्र खोटं नाही, मान्य करावं लागतं. २०१७ साली ‘एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स’मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब आला. उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलं, समशीतोष्ण भागात काहीच नाही. पण का वाढलं ते मेसेजवाला सांगत नाही. उष्ण कटिबंधातल्या त्या प्रयोगांची माती बहुतेक आम्लधर्मी आणि नापीक, तिला बायोचारने चुन्यासारखं काम केलं. राबिटावर तो फायदा कुठून येणार?

‘खत लागत नाही’ हे तर उलटंच. कोरा कोळसा मातीतला नत्र स्वतःकडे ओढून धरतो. तो आधी शेणकाल्यात किंवा कंपोस्टमध्ये दोन-तीन आठवडे मुरवावा लागतो. ॲमेझॉनची प्रसिद्ध काळी माती झाली तीही कोळशाबरोबर हाडं, खरकटं, मैला मिसळून.

बाकी किरकोळ. इस्त्रीवाल्याचा लाकडी कोळसा कुटून चालेल, बार्बेक्यूच्या विटा नकोत. प्रमाण मातीच्या शेकडा ५ ते १० भाग, तेही बुंध्याला चिकटवून नाही, फांद्यांच्या टोकांखाली, कंपोस्ट मिसळून. आणि कचरा उघड्यावर जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातलीय, दंड ५,००० रुपये. तो वर्गणीतून द्यायचा का, हे मामांनी सेक्रेटरींना आधी विचारावं.

सकाळी मामांचा परत फोन: पिंप ठेवतो, पण आता त्यात पाला कुजवतो. झाकणाला भोकं पाडताय ना, एवढंच मी विचारलं.